फायरवॉल चालू, तरी पोर्ट उघडं: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

लक्षणं

• यूएफडब्ल्यू (लिनक्स सर्व्हरची फायरवॉल सांभाळणारं साधन) 'अ‍ॅक्टिव्ह' दाखवतंय. यादीत २२ (एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन), ८० आणि ४४३ (वेब) एवढीच पोर्ट्स, म्हणजे नंबर दिलेली दारं, बाकी सगळ्याला नकार. तरीही बाहेरच्या मशीनवरून रेडिस या डेटाबेसच्या ६३७९ ला किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ५४३२ ला कनेक्शन बिनबोभाट लागतंय.

• होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय की तुमचा डेटाबेस इंटरनेटवरून दिसतोय. तुम्ही फायरवॉल बघितली, नियम बरोबर होते, म्हणून मेल बाजूला टाकला.

• नियम टाकला तेव्हा पोर्ट बंद झालं होतं. मध्ये कधीतरी सर्व्हर रीबूट झाला आणि आता पुन्हा उघडं.

• तुम्हाला बंद दिसतं, दुसऱ्याला उघडं दिसतं.

• एसएसएचच्या लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून पासवर्डचे प्रयत्न धो-धो चालूच आहेत. फायरवॉल लावून काडीचाही फरक पडलेला नाही.

शेवटचं खरं तर बिघाडाचं लक्षणच नाही. एसएसएचचा २२ नंबर तुम्हीच सगळ्या जगाला उघडा ठेवलाय, तर जग येणारच. पण "मग फायरवॉल हवीच कशाला?" हा प्रश्न बहुतेक वेळा इथूनच निघतो, म्हणून तो आधी उरकतो.

फायरवॉलनं काय होतं, काय होत नाही

फायरवॉल नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला अर्धा पटतो. सर्व्हरवर फक्त २२ आणि ४४३ वर कुणी ऐकत असेल आणि फायरवॉलमध्येही नेमकी तीच दोन उघडी असतील, तर आजच्या घडीला ती फायरवॉल काहीच अडवत नाही. बाकीच्या पोर्ट्सवर कुणी ऐकतच नाही, तिथे गेलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) कर्नलच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभाच, परतवून लावतो. आणि जे पोर्ट तुम्ही स्वतः उघडलंय, त्यामागच्या सॉफ्टवेअरला भोक असेल तर फायरवॉल बघत राहते. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड, म्हणजे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधला दोष, उघडकीला आला. त्या हल्ल्याची पॅकेट्स ४४३ वरूनच आत जात होती, आणि नियमात बसतात म्हणून फायरवॉल त्यांना वाट देत होती.

उलट बाजूचं उदाहरण २००३ च्या जानेवारीतलं. एसक्यूएल स्लॅमर हा किडा (आपणहून पसरणारा प्रोग्रॅम) ३७६ बाइट्सचा, एका यूडीपी पॅकेटात मावणारा, १४३४ पोर्टवरून मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये शिरणारा. त्या भोकाचा पॅच सहा महिने आधीच आला होता, पण असंख्य लोकांनी लावला नव्हता. कितीएकांना तर आपल्या मशीनवर एसक्यूएल सर्व्हरचं इंजिन आहे हेच ठाऊक नव्हतं, कारण ते दुसऱ्याच कुठल्यातरी प्रॉडक्टसोबत आत आलं होतं. १४३४ बाहेरून बंद असतं तर त्या मशीनला बाहेरून थेट धक्का लागला नसता.

माझं मत या दोन गोष्टींच्या मध्ये कुठेतरी आहे. फायरवॉल आजच्या सर्व्हरसाठी लावायची नसतेच. ती लावायची उद्याच्या सर्व्हरसाठी. उद्या कुणी तरी एखादं पॅकेज टाकेल आणि ते आपणहून सगळ्या पत्त्यांवर ऐकायला लागेल. कुणी तरी 'दोन मिनिटं टेस्ट करतो' म्हणून अ‍ॅडमिन पॅनेल ८०८० वर चालवेल आणि जेवायला जाईल. त्या दिवशी ती कामाला येते. अट एकच: ती खरोखर मध्ये उभी पाहिजे. आणि वरची लक्षणं असलेल्या सर्व्हरवर ती मध्ये उभी नसतेच. कागदावर असते.

आता तपासणी. सोप्यापासून अवघडाकडे. कमांड्स इथे नागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

पहिलं: तुम्ही बघताय कुठून?

याला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

सर्व्हरवर लॉगिन करून तिथूनच त्याच्याच पब्लिक पत्त्यावर पोर्ट तपासलं तर उत्तर कुचकामी. पत्ता त्याच मशीनच्या नेटवर्क कार्डावर असेल तर लिनक्स ते पॅकेट बाहेर पाठवतच नाही, लूपबॅकवरून (मशीनच्या आतल्या आतल्या वाटेनं) स्वतःलाच देतो. आणि लूपबॅकला जवळपास प्रत्येक फायरवॉलमध्ये मोकळी वाट असते. म्हणजे उघडं दिसलं तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही.

शेजारच्या सर्व्हरवरून बघितलं तरी तेच. दोघं एकाच खासगी नेटवर्कवर असतील तर तुम्ही मागच्या दारानं जाताय, पुढचं दार बघतच नाही. ऑफिसच्या नेटवर्कवरून बघत असाल तर ऑफिसच्या पत्त्याला कुणी तरी आधीच परवानगी देऊन ठेवली असण्याची शक्यता दाट. किंवा नेमकं उलटं: ऑफिसची फायरवॉलच बाहेर जाणारं पोर्ट अडवते आणि तुम्ही 'सर्व्हर बंद आहे' म्हणून निर्धास्त होता.

मी लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला लावतो आणि तिथून एनमॅप हे पोर्ट तपासायचं साधन चालवतो. नुसतं एनमॅप १,००० नेहमीचीच पोर्ट्स बघतं. सगळी ६५,५३५ बघायची तर 'एनमॅप -पीएन -पी-' (पहिला पी कॅपिटल) असं द्यावं लागतं. वेळ लागतो, पण एकदा तरी ते करा. स्कॅन स्वतःच्याच मशीनचा करायचा, दुसऱ्याच्या पत्त्यावर हात चालवायचा नाही, हे सांगायला नको.

उत्तरात तीनपैकी एक शब्द येतो. 'ओपन' म्हणजे आतून कुणी तरी हो म्हणालं. 'क्लोज्ड' म्हणजे पॅकेट मशीनपर्यंत पोचलं पण तिथे कुणी ऐकत नव्हतं. 'फिल्टर्ड' म्हणजे कुणी उत्तरच दिलं नाही किंवा वाटेत कुणी तरी नकार कळवला, थोडक्यात मध्ये फायरवॉल आहे. जे पोर्ट फायरवॉलनं गुपचूप गिळायला हवं होतं ते 'क्लोज्ड' दिसत असेल तर खुश होऊ नका. आत्ता तिथे कुणी ऐकत नाही एवढाच त्याचा अर्थ. फायरवॉल तिथेही नाहीच.

यूडीपीची गोष्ट वेगळी. तिथे हस्तांदोलन (आधी कनेक्शन जुळवणं) नसतं, त्यामुळे गप्प बसलेलं पोर्ट उघडं की फायरवॉलनं अडवलेलं हे बाहेरून नक्की सांगता येत नाही. त्यासाठी पुढची पायरी जास्त भरवशाची.

दुसरं: ऐकतंय कोण?

सर्व्हरवर 'सुडो एसएस -टीयूएलपीएन'. मला एकच कमांड निवडायची मुभा दिली तर मी हीच निवडेन. यात फायरवॉलचा संबंधच नाही. कोणता प्रोसेस कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर कान लावून बसलाय, ते सरळ दिसतं.

नजर 'लोकल अ‍ॅड्रेस'च्या रकान्यावर ठेवायची. १२७.०.०.१:५४३२ असेल तर पोस्टग्रेस फक्त स्वतःच्या मशीनशी बोलतोय, बाहेरच्याला तिथे पोचताच येत नाही, फायरवॉल असो वा नसो. ०.०.०.०:५४३२ असेल तर तो सगळ्या कार्डांवर ऐकतोय. नुसती फुली, म्हणजे *:८०८० अशी ओळ दिसली, तर सहसा आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची जुनी आणि नवी पद्धत) दोन्हींवर. आणि शेवटच्या रकान्यात प्रोसेसचं नाव. तिथे 'डॉकर-प्रॉक्सी' दिसलं तर पुढचा डॉकरचा (प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणाऱ्या साधनाचा) भाग लक्ष देऊन वाचा, तुमचा चोर बहुतेक तिथेच सापडेल.

ही यादी वाचताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे बाहेरून लागायला हवंय का? नको असेल तर फायरवॉलचा नियम लिहायला धावू नका. आधी ती सर्व्हिस बंदच करता येते का बघा. बंद करता येत नसेल तर तिला १२७.०.०.१ ला बांधा. पोस्टग्रेसमध्ये 'लिसन अ‍ॅड्रेसेस', मायएसक्यूएलमध्ये 'बाइंड अ‍ॅड्रेस', रेडिसमध्ये 'बाइंड'. फाइलमधली एक ओळ आणि एक रीस्टार्ट. ज्या दारामागे खोलीच नाही त्याला कुलूप लावायची गरज पडत नाही.

हे इतकं साधं असूनही लोक का करत नाहीत, त्याला इतिहास आहे. मोंगोडीबी या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांत, विशेषतः मूळ फाइल उतरवून चालवली तर, तो सगळ्या पत्त्यांवर ऐकायचा आणि पासवर्डही मागायचा नाही. २०१७ च्या जानेवारीत असे हजारो डेटाबेस पुसले गेले आणि आत खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून तो आपणहून फक्त स्थानिक पत्त्यावर ऐकायला लागला. रेडिसनं त्याआधी, ३.२ मध्ये, 'प्रोटेक्टेड मोड' आणला: पासवर्ड नाही आणि पत्ता ठरवून दिलेला नाही, तर बाहेरच्याला उत्तर नाही. मेमकॅश्ड या तात्पुरता डेटा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं यूडीपी पोर्ट ११२११ लोकांच्या सर्व्हरांवर उघडं राहिल्याचा फटका २०१८ च्या २८ फेब्रुवारीला गिटहबला बसला, सेकंदाला १.३५ टेराबिट कचरा-वाहतुकीचा. त्यानंतर मेमकॅश्डनं यूडीपी मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. म्हणजे आजची सॉफ्टवेअर्स बरीच शहाणी झालीत. पण दहा वर्षांपूर्वीच्या लेखातून उचललेली कॉन्फिग फाइल शहाणी झालेली नसते.

कुठल्याही नियमाला हात लावण्याआधी

मी स्वतःला दोनदा बाहेर कोंडून घेतलंय. दुसऱ्यांदा रात्री दीड वाजता. तेव्हापासून तीन सवयी आहेत.

एसएसएचचं एक जास्तीचं सेशन उघडं ठेवायचं आणि नियम बदलल्यावर नवीन, तिसरं सेशन उघडून बघायचं. चालू असलेलं सेशन टिकलं म्हणून सगळं ठीक असं नाही: आधीच जुळलेल्या कनेक्शनला फायरवॉल सहसा वेगळ्या नियमानं जाऊ देते, त्यामुळे तुम्ही आत असता आणि दार मात्र कायमचं लागलेलं असतं. दुसरी सवय, यूएफडब्ल्यू चालू करण्याआधी एसएसएचला परवानगी, नंतर नव्हे. तिसरी, परतीचं तिकीट: 'सिस्टमडी-रन --ऑन-अ‍ॅक्टिव्ह=५एम यूएफडब्ल्यू डिसेबल' अशी ओळ आधी देऊन ठेवायची. पाच मिनिटांत सगळं नीट दिसलं तर तो टायमर रद्द करायचा. कोंडलो गेलो तर पाच मिनिटं चहा प्यायचा. होस्टिंगवाल्यांच्या वेब कन्सोलवरून लॉगिन होतं की नाही हेही आधीच बघून ठेवा, गरज पडल्यावर नव्हे. तिथे रूटचा पासवर्ड लागतो आणि तो कुणालाच आठवत नसतो.

तिसरं: फायरवॉल खरंच चालू आहे का, आणि एकच आहे का?

'यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज' मध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह' दिसलेले सर्व्हर मी मोजायचे सोडून दिलेत. नियम दहा टाकलेले, चालू करायचं राहिलेलं.

रीबूटनंतर पोर्ट उघडतं त्याचं कारण जवळपास नेहमी एकच. आयपीटेबल्सला (कर्नलच्या फायरवॉलला थेट नियम देणाऱ्या कमांडला) हातानं दिलेले नियम फक्त मेमरीत असतात, ते जपून ठेवायची वेगळी सोय करावी लागते. फायरवॉल्डी या यूएफडब्ल्यूसारख्याच दुसऱ्या साधनात '--पर्मनंट' न लावता दिलेला नियम पुढच्या रीलोडपर्यंतच जगतो. लावून दिला तर आत्ता लागू होत नाही, रीलोड केल्यावर होतो. हा दुटप्पीपणा मुद्दाम ठेवलाय, आणि त्याचा उपयोगही आहे, पण माणूस एकदा तरी फसतोच.

आणखी एक प्रकार: एकाच मशीनवर दोन-तीन व्यवस्थापक. आधीच्या माणसानं फायरवॉल्डी ठेवलं, नंतरच्यानं यूएफडब्ल्यू टाकलं, तिसऱ्यानं आयपीटेबल्सची स्क्रिप्ट. यातलं प्रत्येक साधन फक्त आपल्यापुरतं दाखवतं. 'एनएफटी लिस्ट रूलसेट' दिलं की कर्नलच्या नवीन यंत्रणेत नेमकं काय बसलंय ते बरंचसं एका जागी दिसतं. तिथे एक खाचखळगा आहे. एका टेबलमधल्या साखळीनं (नियमांच्या यादीनं) 'अ‍ॅक्सेप्ट' म्हटलं तरी पॅकेट त्याच टप्प्यावरच्या पुढच्या साखळीत तपासलं जातं. 'ड्रॉप' मात्र कुणीही म्हटलं की विषय संपला. म्हणून दोन फायरवॉल असल्या की "मी परवानगी दिली तरी लागत का नाही" अशी तक्रार येते. एक ठेवा, दुसरी नीट काढून टाका.

चौथं: आयपीव्ही६

'ऑफिसातून बंद, दुसऱ्याला उघडं' याचं उत्तर बरेचदा इथे असतं. आयपीटेबल्स फक्त आयपीव्ही४ बघतं. आयपीव्ही६ साठी आयपी६टेबल्स नावाची वेगळी कमांड, वेगळे नियम. तुम्ही पहिलं कडेकोट केलं आणि दुसरं रिकामं राहिलं तर सर्व्हरला दोन पत्ते आहेत आणि पहारा एकाच पत्त्यावर. एनमॅपला '-६' लावून पुन्हा स्कॅन करा. यूएफडब्ल्यूमध्ये 'ईटीसी/डीफॉल्ट/यूएफडब्ल्यू' या फाइलीत आयपीव्ही६ ची ओळ 'येस' आहे ना बघा.

रागाच्या भरात आयपीव्ही६ चं सगळं आयसीएमपी (नेटवर्कचे आपापसातले निरोप) मात्र बंद करू नका. शेजारचा राउटर शोधायचं कामच त्यावर चालतं. ते अडवलं की थोड्या वेळानं सगळंच मरतं, आणि मग तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

पाचवं: नियमांचा क्रम आणि काउंटर

नियम वरून खाली वाचले जातात, पहिला जो जुळेल तो लागू. वर '५४३२ सगळ्यांना परवानगी' असेल आणि खाली 'अमुक पत्त्याला नकार', तर खालच्या ओळीपर्यंत पॅकेट कधी पोचतच नाही. यूएफडब्ल्यूमध्ये नवीन नियम शेवटी जातो, वर घालायचा तर 'इन्सर्ट १' म्हणावं लागतं.

वाचून कळत नसेल तर मोजून कळतं. 'आयपीटेबल्स -एल इनपुट -व्ही -एन' (एल आणि इनपुट कॅपिटलमध्ये) दिलं की प्रत्येक नियमाच्या डावीकडे पॅकेट्सचा आकडा येतो. यूएफडब्ल्यू असेल तर त्याच्या स्वतःच्या साखळ्याही तशाच बघाव्या लागतात. ही कमांड 'वॉच'मध्ये (तीच कमांड सतत पुन्हा चालवून दाखवणाऱ्या साधनात) चालवायची, दुसऱ्या हातानं बाहेरून त्या पोर्टवर टकटक करायची, आणि कोणत्या ओळीचा आकडा हलतो ते बघायचं. ज्या नियमाचा आकडा हलतो, निर्णय त्यानं घेतला. ज्याचा महिनाभर शून्य आहे तो शोभेचा.

आणि कुठलाच आकडा हलत नसेल?

सहावं: डॉकर

एकदा असाच बसलो होतो. एका खिडकीत काउंटर, दुसरीत फोनच्या हॉटस्पॉटवरून रेडिसला 'पिंग'. रेडिस दर वेळी आनंदानं 'पॉन्ग' म्हणतोय, आणि ६३७९ ला नकार देणाऱ्या ओळीपुढे ठणठणीत शून्य. नियम बरोबर, क्रम बरोबर, फायरवॉल चालू. पॅकेट आत येतंय, उत्तर बाहेर जातंय, आणि पहारेकऱ्याला पत्ता नाही. तासाभरानं ट्यूब पेटली की पॅकेट त्या दारातून येतच नाहीये.

झालं असं असतं. यूएफडब्ल्यूमध्ये साधा नियम दिला की तो 'इनपुट' साखळीवर बसतो, म्हणजे या मशीनसाठीच आलेल्या पॅकेट्सवर. कंटेनर चालवताना '-पी ६३७९:६३७९' दिलं की डॉकर स्वतःचे नियम आयपीटेबल्समध्ये घालतो. पॅकेट आत शिरताक्षणी, 'प्रीराउटिंग' टप्प्यावरच, त्याचा पत्ता बदलून कंटेनरचा केला जातो. आता कर्नलच्या दृष्टीनं ते पॅकेट या मशीनचं राहिलंच नाही, पुढे पाठवायचं झालं. म्हणून ते 'इनपुट'ऐवजी 'फॉरवर्ड' साखळीतून जातं, जिथे डॉकरनं स्वतःसाठी वाट करून ठेवलेली असते. यूएफडब्ल्यू खोटं बोलत नाही. त्याला विचारलंच जात नाही.

त्यात भर म्हणजे रेडिसच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये तो 'प्रोटेक्टेड मोड' बंद ठेवलेला असतो, कारण दुसऱ्या कंटेनरला जोडता आलं पाहिजे. म्हणजे दोन कड्या होत्या, दोन्ही निघाल्या, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दार लागलंय.

उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमानं. बाहेरून लागायचंच नसेल तर कंपोज फाइलमधली (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते डॉकरला सांगणाऱ्या फाइलमधली) 'पोर्ट्स'ची ओळ काढून टाका. एकाच कंपोज नेटवर्कमधले कंटेनर एकमेकांना सर्व्हिसच्या नावानं तसेही गाठतात, त्याला पोर्ट बाहेर काढावं लागत नाही. बहुतेक ठिकाणी ती ओळ कुठल्यातरी उदाहरणातून जशीच्या तशी आलेली असते. होस्टवरून (कंटेनर ज्या मशीनवर चालतात तिथून) लागत असेल तर '१२७.०.०.१:६३७९:६३७९' असं लिहा. (२८ च्या आधीच्या डॉकरमध्ये एवढ्यानंही त्याच लॅनवरचं शेजारचं मशीन आत पोचू शकायचं, त्यामुळे डॉकर जुना असेल तर आधी तो अपडेट करा.) ठराविक पत्त्यांनाच द्यायचं असेल तर 'डॉकर-यूझर' ही साखळी त्यासाठीच आहे, तुमचे नियम तिथे घाला. पण तिथे पॅकेट पोचेपर्यंत पोर्टही बदललेलं असतं: '८०८०:८०' असेल तर तिथे ८० दिसतं. मूळ पोर्टवर नियम लावायचा तर कॉनट्रॅकच्या (कर्नलच्या कनेक्शन लक्षात ठेवायच्या वहीच्या) 'सीटी-ओरिज-डीएसटी-पोर्ट'चा आधार घ्यावा लागतो.

दोन गोष्टी टाळा. डॉकरला 'आयपीटेबल्सला हात लावू नकोस' असं सांगणारं सेटिंग बरेच जण सुचवतात. ते केलं की कंटेनरांना बाहेर जायची वाटही तुम्हालाच बांधावी लागते, आणि ती बांधणारे फार थोडे. दुसरं, वैतागून 'आयपीटेबल्स -एफ' मारू नका. डॉकरचे नियमही त्याबरोबर जातात आणि डॉकर रीस्टार्ट करेपर्यंत कंटेनरांचं नेटवर्किंग कोलमडतं.

बदल केल्यावर पहिल्या पायरीवर परत या आणि बाहेरून स्कॅन करा. आधीपासून जुळलेली कनेक्शन्स अजून जिवंत असू शकतात. कंटेनर नवा उभा केला की ती तुटतात.

सातवं: मशीनच्या बाहेरची फायरवॉल

क्लाउडवर असाल तर पॅनेलमध्ये 'सिक्युरिटी ग्रुप' किंवा तत्सम नावाची सोय असते. ती पॅकेट मशीनपर्यंत पोचायच्या आधीच अडवते, त्यामुळे आत डॉकरनं काय घोळ घातलाय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. माझा आग्रह असतो की दोन्ही लावा: बाहेरची ढोबळ, आतली नेमकी. फक्त बाहेरची ठेवली तर त्याच खासगी नेटवर्कवरचा एखादा सर्व्हर हातचा गेला की शेजारचे सगळे मोकळे सापडू शकतात. फक्त आतली ठेवली तर सहावी पायरी पुन्हा वाचा.

आठवं: बाहेर जाणारी वाट

इथपर्यंत फार कमी लोक येतात, आणि इथेच फायरवॉल सगळ्यात जास्त कमावते असं मला वाटायला लागलंय. २०२१ च्या डिसेंबरमधलं लॉग४शेल, म्हणजे जावाच्या लॉग४जे या लॉगिंग लायब्ररीतलं भोक, आठवा. हल्ल्याची ओळ उघड्या वेब पोर्टवरून आत यायची, ती अडवणं अवघड. पण त्यानंतर बळी पडलेल्या सर्व्हरला उलटं बाहेर, हल्लेखोराच्या एलडॅप (डिरेक्टरी) सर्व्हरकडे, जावं लागायचं आणि तिथून कोड आणावा लागायचा. ज्या सर्व्हरला बाहेर अनोळखी ठिकाणी जायची परवानगीच नव्हती, तिथे नेहमीचा हल्ला मध्येच अडकला.

पण हे काम चिकट आहे. अपडेट्सचे पत्ते, डीएनएस, वेळ जुळवणं, पेमेंटवाले, मेल... सर्व्हर बाहेर कुठे कुठे जातो हे कुणालाच पूर्ण माहीत नसतं. आधी काही आठवडे नुसतं लॉग करा, मग बंद करा. डेटाबेसच्या सर्व्हरपासून सुरुवात करा, त्याला बाहेर जायची कारणं कमी असतात.

कधी थांबायचं

काही खुणा दिसल्या तर हा लेख बंद करा. हे फायरवॉलचं काम राहिलेलं नाही.

'एसएस'च्या यादीत असा प्रोसेस आहे जो कुणीच ओळखत नाही, किंवा त्याची मूळ फाइल डिस्कवरून पुसलेली आहे. डेटाबेसमध्ये खंडणीची चिठ्ठी आहे. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) किंवा एसएसएचच्या अधिकृत कीजमध्ये अनोळखी ओळ आहे. सीपीयू विनाकारण शंभर टक्क्यांवर आहे. किंवा यातलं काहीच नाही, पण लोकांची खासगी माहिती असलेला डेटाबेस पासवर्डशिवाय महिनोन्‌महिने बाहेरून उघडा होता. पोर्ट बंद केल्यानं आत आलेला माणूस बाहेर जात नाही. तो तुमच्या परवानगी दिलेल्या ४४३ वरूनही आरामात बोलत राहतो.

अशा वेळी रीबूट करू नका, मेमरीतला पुरावा जातो. 'साफसफाई' करू नका. क्लाउडच्या पॅनेलमधून, म्हणजे मशीनच्या बाहेरून, त्याचं नेटवर्क तोडा, डिस्कचा स्नॅपशॉट घ्या, आणि असे घाव बघितलेल्या माणसाला बोलवा. संस्थेत कायद्याचं बघणारं कुणी असेल तर त्यांनाही त्याच दिवशी सांगा, माहिती फुटल्याचं कळवण्याच्या मुदती बऱ्याच ठिकाणी तासांत मोजतात.

घाव नसला तरी दोन ठिकाणी जाणकाराला विचारा. एक, सर्व्हर फार वर्दळीचा आहे आणि 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'एनएफ कॉनट्रॅक: टेबल फुल' असं यायला लागलंय. कनेक्शन लक्षात ठेवायची वहीच भरलीय आणि फायरवॉल चांगली पॅकेट्सही टाकून देतेय. नुसता आकडा वाढवून कधी भागतं, कधी मूळ दुखणं वेगळंच निघतं. दोन, कुबरनेटीस (अनेक मशीनवर मिळून कंटेनर चालवणारी यंत्रणा). तिथे पॅकेटची वाट डॉकरपेक्षा कितीतरी वळणांची असते, आणि यूएफडब्ल्यू हातानं लावून मी तिथे एकदा अख्खं क्लस्टर आंधळं केलंय.

बोलावलेल्या माणसाच्या हातात तीन गोष्टी द्या: बाहेरून केलेल्या स्कॅनचं उत्तर, 'एसएस'ची यादी आणि 'एनएफटी लिस्ट रूलसेट'चं पूर्ण आउटपुट, तिन्हींवर वेळ टाकून. त्याचा पहिला तास वाचतो, आणि "फायरवॉल तर चालू आहे" हे त्याला तुमच्या तोंडून ऐकावं लागत नाही.